पंचवीस तारखेला सगळे घरी येतात

७ डिसेंबर, रविवार

सातच्या सात पिक्चर नाताळाचे निघाले! केदारनाथला म्हटलं होतं, पुण्याहून येताना पोरांसाठी चांगले पिक्चर भरून आण. भाचा आहे, पण सांगकाम्या. "मावशी, हिंदीत हायेत समदे, पोरं खूश होतील" म्हणाला आणि पेन ड्राइव्ह हातात ठेवून पसार. मीही उघडून पाहिलं नाही. आज टीव्हीला लावलं तर बर्फ. दुसरा लावला, पुन्हा बर्फ. तिसऱ्यात बर्फ आणि एक कुत्रं.

असो. वसतिगृहात तीसेक पोरं, सगळ्यांचे आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या थेट पाडव्याच्या आसपास परततात. तोवर ही पोरं माझ्या आणि कडूबाईच्या गळ्यात. कडूबाई स्वयंपाक करते, मी बाकीचं सगळं. म्हणजे मुख्यतः ओरडणं.

आज दोन तास ओरडावं लागलं नाही. बर्फ तर बर्फ!

९ डिसेंबर

पिक्चरची खरी नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पोरांनी आपली नावं ठेवलीत — ट्रकवाला, पाववाली, कुत्र्याचा, म्हाताऱ्या पोस्टमनचा. जेवणं झाली की हात वर करून मतदान. कुत्र्याच्या पिक्चरला बरी मतं पडतात, पण निवडून येतो ट्रकवालाच. त्यात बाप ट्रक घेऊन लांब गेलेला असतो, रस्त्यात बर्फ पडतो, ट्रक अडकतो, घरी पोरगी वाट बघत बसते. शेवटी पंचवीस तारखेला सकाळी बाप पायी चालत दारात. इथे आमच्या हॉलमध्ये टाळ्या. आमची पोरं ट्रक म्हटलं की ताठ बसतात — यांचे आईबापही दिवाळीनंतर ट्रकमध्येच बसून गेले ना.

आज पप्पूने विचारलं, "बाई, ह्यो लाल कपड्यातला दाढीवाला कोण?"

मी तोंड उघडायच्या आत संस्कृतीने उत्तर देऊन टाकलं. "मुकादम हाय त्यो. बघ की, वहीत समद्यांची नावं हायेत. आन् ती बुटकी माणसं त्याची टोळी. वर्षभर राबतेत त्याच्याकडं."

मला हसू आवरेना. खरं काय ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पिक्चर चालू होता आणि कोणी ऐकलंही नसतं.

१० डिसेंबर

ट्रकवाला. पुन्हा!

१२ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी बबिताचा फोन. संस्कृतीची आई. ती आणि नवरा बजरंग यंदा सांगलीकडे आहेत. सोबत नऊ महिन्यांचं बाळ.

या एका पोरीसाठी मी दिवाळीआधी त्यांच्या दारात जाऊन बसले होते. गेल्या साली बबिता पोटुशी होती म्हणून स्वयंपाकाला संस्कृतीला नेलं, चौथीचं अर्धं वर्ष पाण्यात. पोरगी अशी की एकदा सांगितलेलं विसरत नाही. यंदा पाचवीची परीक्षा दिली की सहावीला मुलींच्या निवासी शाळेत घालता येईल. तिथे बारा महिने राहायचं, म्हणजे टोळीबरोबर जायचा प्रश्नच मिटला. हे सगळं मी बबिताला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. शेवटी म्हणाली, "ठेवते बाई. बाळाचं बघते मी कसंबी." आता म्हणे उसाच्या कडेला साडीची झोळी बांधते आणि तोडायला लागते. बाळ रडलं की कोयता टाकून पळायचं.

आज फोनवर संस्कृती काय बोलत होती ते माझ्या कानावर पडलं. "माय, पंचवीसला ये बरं का. तवा समद्यांना सुट्टी असती."

बबिता हसली असणार. "येते येते" म्हणाली असणार. आया म्हणतात असं.

१४ डिसेंबर, रविवार

झालं! आता सगळ्या पोरांनी ठरवूनच टाकलंय — पंचवीस तारखेला सगळे घरी येतात. मी म्हणाले, अरे, तो त्या लोकांचा सण आहे, आपल्याकडे कारखाना बंद राहत नसतो.

संस्कृती उठून उभी राहिली. वर्गात उत्तर देताना राहते तशी. "बाई, सात पिक्चर हायेत. एकात तरी कोणी यायचं ऱ्हायलंय का?"

एकातही नाही. बर्फ पडो, गाडी बंद पडो, बाप येतोच. केदारनाथने एक तरी असा पिक्चर टाकायला हवा होता ज्यात कोणी येत नाही. असे पिक्चर कोणी काढत नाही बहुतेक.

शिवाय ऑफिसातल्या कॅलेंडरवर पंचवीस तारीख लाल! शाळेलाही सुट्टी. "सरकारनं बी लाल केलीय बाई," पप्पू म्हणाला. सरकारपुढे माझं काय चालणार.

रागाने पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून कुलूप लावलं. बारकी रडायला लागली, मोठी जेवेनात. तासाभरात कुलूप उघडलं. कडूबाई चुलीपाशी बसून बघत होती. "हात दाखवून अवलक्षण, बाई," म्हणाली. तिला नोकरीवरून काढता येत नाही, भाकरी चांगली करते.

१७ डिसेंबर

संस्कृती दिवस मोजतेय. मी विचारलं नाही, तरी सांगते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बबिताचा फोन. आवाज बसलेला. "बाई, मुकादम सोडंना. तुमीच सांगा पोरीला."

मीच का? सगळं वाईट सांगायचं काम माझ्याकडेच का? पोरगी दारातच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणाले, रेंज नव्हती, नीट ऐकू आलं नाही. आणि आत निघून आले. पन्नाशीला आलेली बाई मी, अकरा वर्षांच्या पोरीला घाबरले.

२० डिसेंबर

सांगितलं. शेवटी सांगितलंच. रडेल, आदळआपट करेल वाटलं होतं. काही नाही. "बरं" म्हणाली आणि ताट सारून उठली. भाकरीचा तुकडाही मोडला नव्हता.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी संस्कृती नाही! विहिरीत डोकावले. होय, डोकावले. कडूबाई ओढ्याकडे पळाली. शेवटी वडवणीच्या बसस्टँडवरून कंडक्टरचा फोन आला. बीडच्या गाडीत चढून बसली होती, तिकीट विचारल्यावर म्हणाली, "सांगली." दप्तरात शाळेच्या फ्रॉकवर घडी करून ठेवलेला एक टॉवेल. बाळासाठी.

तिला परत आणलं आणि दारातच थोबाडीत मारली. आजवर एकाही पोरावर हात उचलला नव्हता. ती रडली नाही. मी न्हाणीत जाऊन पाणी सोडून रडले.

दुपारी कडूबाई म्हणाली, "मारून काय व्हतंय? तिला माय दावा येकडाव. तेवढ्यावर पाडव्यापातूर तग धरंल."

संध्याकाळी मतदान झालंच नाही. पोरांनी आपणच ट्रकवाला लावला. संस्कृती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

२२ डिसेंबर, सोमवार

ही अशी राहिली तर पुन्हा पळेल. पुढच्या वेळी कंडक्टर चांगला असेलच असं नाही. परीक्षा, निवासी शाळा, सगळंच गेलं मग. म्हणून आज नाक मुठीत धरून बंकट मुकादमाला फोन लावला. बबिता-बजरंग यंदा पहिल्यांदाच त्याच्या टोळीत, त्यामुळे माझी-त्याची ओळख नाही.

आधी उचलेना. मग उचलला. "मॅडम, कामाचा टाइम हाय."

मी म्हणाले, दोन दिवस सोडा बबिताला. पोरगी खंगलीय.

"आवो, ती आधीच अर्धा कोयता हाय. बाळ रडलं की पळती. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतेत, हितं एकटा बजरंगच तोडतोय. वर सुट्टी द्यायची कावून?"

मी हात जोडायचे बाकी ठेवले. फोनवर जोडून दिसत नाहीत म्हणून. म्हणाले, अहो, पोरगी फार गुणाची आहे हो. पळून गेली ती आईच्या मायेनं.

"केवढी हाय?"

अकरा वर्षांची. पाचवीत आहे. मग मला बोलायचं भानच राहिलं नाही. म्हणाले, इथल्या सगळ्या बारक्यांच्या वेण्या तीच घालते. कोणी रडलं तर कडेवर घेऊन फिरवते. भाकरीही छान थापते. अशा पोरीला दोन दिवस आई भेटू नये का?

"मला वाटलं लहान हाय पोरगी," म्हणाला. "बरं. बघतो."

बघतो म्हणजे नाहीच. पण ओरडला नाही, एवढं खरं.

२३ डिसेंबर

मुकादमाचा फोन, स्वतःहून! "मॅडम, पाठवतो बबिताला. पंचवीसला पोचंल. गाडीभाडं बी मीच देतो."

आपण उगाच माणसांना नावं ठेवतो. घरी पोरंबाळं त्यालाही असतील.

संस्कृतीला सांगितलं. तिने मला मिठी मारली — मी थोबाडीत मारल्यानंतरही! आणि जेवायला बसली ती कडूबाईला तिसऱ्यांदा तवा ठेवावा लागला.

मग पप्पू आला. "बाई, माझ्या मायच्या मुकादमाला बी करा की फोन." त्याच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिचा भाऊ. दारापर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात नंबर लिहिलेला कागदाचा चिटोरा.

तीन फोन लावले. दोघांनी उचलला नाही, तिसऱ्याने शिवी दिली. पोरांना म्हणाले, रेंज नाही. हल्ली माझी रेंज फार जाते.

२४ डिसेंबर, बुधवार

हॉल झाडून काढला. संस्कृतीने गणिताच्या वहीला नवं कव्हर घातलंय, आईला भागाकार दाखवायचेत. बबिताला वाचता येत नाही, पण शाळेतल्या बाईंनी केलेल्या लाल बरोबरच्या खुणा तर दिसतील. कडूबाईने उद्याला लापशी करायचं ठरवलंय, गूळ माझ्याकडून उसना. पोरांचं भांडण चाललंय — बबिताला कोणता पिक्चर दाखवायचा. पप्पू म्हणतो कुत्र्याचा, संस्कृती म्हणते ट्रकवाला. "मायनं बर्फ कुटं बघितलाय!"

मी पण एक बेत केलाय. बबिता आली की बसवून पुन्हा सांगायचं, निवासी शाळेचं. सहीचा अंगठाही घेऊन टाकायचा.

कितीतरी दिवसांनी आज छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

२५ डिसेंबर, गुरुवार

आली. दुपारच्या गाडीने, बाळ काखेत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बबिता लापशी जेवली नाही, टेकलीसुद्धा नाही. म्हणाली, "पोरीचे कपडे द्या बाई. दप्तर ऱ्हाऊ द्या. मुकादम म्हनला, बाई सांगत होत्या पोरगी बारकी सांभाळती, भाकरी करती. घिऊन ये, न्हाईतर तू बी येऊ नको."

मी म्हणाले, परीक्षा, बबिता. ती म्हणाली, "मला काय हौस हाय का बाई?" आणि पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळच्या गाडीने गेल्या. संस्कृती खिडकीत बसली होती, बाळ मांडीवर, हसत, जोरजोरात हात हलवत. तिला माय भेटली होती. मीही हात हलवला.