पैशांचं काय एवढं!

सोमवार, १० नोव्हेंबर

मनीषने गाडी ठोकली! केळव्याच्या वळणावर. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण मासळी विकायला आलेली बाई पडली — हंसा, मुरब्याची. उजवा हात मोडलाय. त्यानेच तिला पालघरला दवाखान्यात नेलं. फोनवर रडत होता, "ताई, कुत्रं आडवं आलं हो!"

मनीष मुंबईचा. अ‍ॅपवरून चौथ्यांदा आमची गाडी भाड्याने नेत होता. मी आणि कैलास दोघंही तारापूरला कंपनीच्या बसने जातो, गाडी बोईसरला बिल्डिंगखाली नुसती धूळ खाते. म्हणून अ‍ॅपवर टाकलेली. हौस माझीच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भावेशला बोलावलं. विम्याचा एजंट. म्हणाला, "बुकिंग चालू असेपर्यंत अ‍ॅपचा विमा. ते रविवारी रात्री आठला संपलं. सोमवारी उरला तुमचा गाडीचा घरगुती वापराचा विमा, आणि त्यात गाडी भाड्याने द्यायची नाही असं स्वच्छ लिहिलंय. फुकट दिली असेल तर प्रश्न नाही. भाडं घेतलं असेल तर कंपनी हात वर करणार, त्या बाईची भरपाई तुमच्या गळ्यात."

तीन वर्षं हप्ते भरतेय. तो कागद आज पहिल्यांदा वाचला. शाबास!

पण सोमवारचं भाडं मी घेतलेलं नाही. देवाशप्पथ.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रविवारी फोनवर मनीषशी नेमकं काय बोलणं झालं, तेच दिवसभर आठवतेय. तो — "आईला समुद्र आवडलाय. उद्याचा दिवस ठेवू का गाडी? पैसे पाठवतो." मी — "ठेवा हो, पैशांचं काय एवढं!"

मग मी फुकट दिली का? की ही आपली नेहमीची रीत — आपण राहू द्या म्हणायचं, समोरच्याने बळेच द्यायचे? इथे तरी खरं लिहावं. मी त्या पैशांची वाट बघत होते.

कैलास म्हणतो, "घेतलेस का? नाही ना? मग विषय संपला. मनातलं कोण विचारतंय!"

मीच विचारतेय, हीच तर पंचाईत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रजा टाकून मुरब्याला गेले. हंसाच्या अंगणात बोंबील वाळवायच्या काठ्या रिकाम्या. शेजारणींच्या भरलेल्या.

"तूच का गाडीवाली? बस." मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "तुजी माफी घेऊन काय करू? हंगाम हाय आता. एका हातानं बोंबील नाय टांगता येत. माजं कोन भरून देनार, त्ये सांग."

मी म्हटलं, विमा कंपनी देईल. इतक्या ठामपणे म्हटलं की माझीच मला भीती वाटली. तिने चहा दिला. डाव्या हाताने, सांडत. तो पिताना फार लाज वाटली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. सभ्य. जबाब लिहून घेतला.

"त्या दिवसाचे पैसे घेतले?" नाही.
"मागितले?" नाही.
"द्यायचे असं काही बोलणं झालं होतं?"

मला हंसाचं अंगण दिसत होतं. नाही, म्हटलं.

बँकेचं खातं दाखवा म्हणाला. दाखवलं. मनीषचं नाव कुठेच नाही. "मग अडचण नाही मॅडम," म्हणाला. मी सही केली.

कैलासने पेढे आणले. मला खाववेना. तिसरं 'नाही' मी हंसासाठी बोलले, असं स्वतःला समजावतेय. थोडं तिच्यासाठी होतंच. पण भरपाई गळ्यात पडली असती ती माझ्या, तिच्या नव्हे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी सव्वानऊ. मनीषकडून खात्यात पैसे जमा झाले. खाली त्याने लिहिलंय — "सोमवारचं भाडं, ठरल्याप्रमाणे. उशीर झाला, माफ करा ताई."