आईचा आवाज

दादा,

काल तू फोनवर पुन्हा विचारलंस, "छोटे, आईच्या मोबाइलमध्ये तिचा आवाज कुठे सापडतोय का?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.

आई अंथरुणाला खिळली ती चार वर्षं. तिचं सगळं मीच केलं. तू उगवलास ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी. पुढे तुला पाठवायला म्हणून तिच्या मोबाइलमधले फोटो गोळा करताना मला तुझ्यासाठी बोललेलं एक रेकॉर्डिंग सापडलं. तिला ते पाठवायला जमलं नसावं.

"बाळा, तू आला नाहीस म्हणून माझा राग नाही," ती म्हणत होती. "छोटी करते सगळं, पण तिच्या हाताला माया नाही रे. तू असतास तर..."

मी ते दोनदा ऐकलं आणि पुसून टाकलं. कुठे उरलं नाही ना, तेही तपासलं.

काल तू रडत म्हणालास, "ती माझ्यावर रागावूनच गेली असणार."

"हो रे," मी म्हणाले. "शेवटपर्यंत तुझं नाव काढू दिलं नाही."

मग फोन ठेवला आणि पोटभर जेवले.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर तुला बरं वाटेल.

तुझीच,
छोटी