मी काय काय सोडलं

प्रिय ठकू,

काल सकाळी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या नव्या बाईंनी माझी वही बाजूला सारली. तीच, माझं रक्त लवकर गोठत नाही म्हणून ठेवलेली, रक्तस्राव किती, कुठल्या सांध्यात, इंजेक्शनं किती याची. गेल्या वर्षीचा आकडा शून्य. डॉक्टर खूश होते, मीही पहिला नंबर आल्यासारखा मिरवत होतो. बाई म्हणाल्या, "काका, शून्य ठीक आहे. पण त्यासाठी काय काय करायचं सोडलंत?"

मी बोलायला लागलो तो थांबेना. जिने सोडले. जमिनीवर बसणं सोडलं. चष्म्याच्या काचा घासायचं आवडीचं काम सोडून दुकानातल्या खुर्चीला चिकटलो. तू तीन वर्षांची असताना तुला उचललं आणि कोपर टम्म सुजलं, तेव्हापासून तुला उचलणंही सोडलं. तू हात वर करून समोर उभी राहायचीस आणि मी वर्तमानपत्र उघडायचो. पुढे तू हात वर करणंच बंद केलंस. त्या वर्षीही माझा आकडा चांगला होता.

आता काय जमायला हवंय, असं त्यांनी विचारलं. नातवाला मांडीवर घ्यायचंय, म्हणालो. त्यांनी माझ्याच शब्दांत लिहून घेतलं. दर तीन महिन्यांनी हेच विचारणार आहेत.

संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला. लस टोचली तिथं बाळाची मांडी काळीनिळी पडली, तपासणी झाली, त्यालाही माझ्यासारखाच हिमोफिलिया आहे. मागून तू रडत म्हणत होतीस, माझ्यामुळेच झालं, माझ्याच रक्तातून गेलं. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

ठकू, मला माहीत होतं. तुझ्या लग्नाआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं, अशा बापाच्या प्रत्येक मुलीत हा दोष उतरतोच, तिच्या मुलाला आजार होऊ शकतो, तिला सांगा, वेळीच काळजी घेता येईल. तुझी आई सांगायला निघाली होती. मीच तिला शपथ घातली. तू विचारलंस तेव्हा 'मुलींना नसतं गं काही' म्हणून तुझी बोळवण केली. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली, बाकी काही कारण नव्हतं. आई ते पोटात घेऊनच गेली.

आता हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय, आणि तू स्वतःला दोष देत बसली आहेस. फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहिलं. माफी मागत नाही. फक्त तुझा राग चुकीच्या माणसावर निघायला नको.

तरीही तुझाच,
बाबा