यंदाचा देखावा: भुयारी स्टेशन

गिरगाव, मुंबई
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, सप्टेंबर १९५८

चि. जयवंतास मामाचे, शिल्लक असतील तेवढे आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. पाणी पहाटे येते, संयुक्त महाराष्ट्र अजून यायचा आहे. तुझी आई, आमची अक्का, हिंडती-फिरती आहे. दमा आहे, पण तो आता घरचाच झालाय.

यंदा जिकडेतिकडे गणपतीपुढे संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा आणि मुंबईच्या जागी लाल दिवा. आपल्या चाळीने म्हटले, काही वेगळे करू. लंडनच्या भुयारी स्टेशनाची वर्णने तू पाठवतोस, अक्का ती साऱ्या चाळीकडून वाचून घेते. तेच स्टेशन उभारले. खोक्यांच्या फळ्या, सायकलची साखळी आणि पडद्यामागे पायडल मारणारा कोंडीराम. सरकता जिना असा सरकला की लालबागहून माणसे बघायला आली. कोंडीराम जेवायला गेला की लंडन बंद.

स्टेशनात माणसे हवीत म्हणून शाडूचे बाहुले करून घेतले. एक तुझा. अक्का म्हणाली, साहेबी टोपी घाला, माझा जयवंत तिथे ऑफिसर आहे. टोपी घातली. हातात तिकिटे तपासायचा चिमटा दिला. शेजारी एक गोरी बाई, आणि तिचे बोट धरून तीन-चार वर्षांचा पोरगा. नाक तुझे.

मामाला हे कुणी सांगितले, असे विचारशील. खाली राहणारा गंगाधर जहाजावर खलाशी आहे. उन्हाळ्यात तो तुझ्या स्टेशनात उतरला होता. त्याने ‘जयवंता’ म्हणून हाक मारली. तू तिकीट घेतलेस आणि इंग्रजीत ‘पुढे सरका’ म्हणालास. तो सरकला, पण खांबाआड थांबला. बायको-पोर तिथेच पाहिले त्याने.

अक्काला सांगायला जीभ रेटेना म्हणून असे केले, असे मी चाळीत सांगतो. तू विश्वास ठेवू नकोस. माझी जीभ कधी अडली आहे? मला चाळ हसलेली हवी होती.

पहिल्या संध्याकाळी पडदा उघडला. अक्का पुढेच बसलेली, तिच्याशेजारी बकुळा, तुझ्या शब्दावर सहा वर्षे थांबलेली. मागून गंगाधर म्हणाला, “हुबेहूब. बाई तीच, पोरगाही तोच.” थोडे हसू आले, मग तेही विझले. नुसता जिना सरकत राहिला. अक्काने बकुळेचा हात आपल्या मांडीवरून काढून ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “ऊठ गं. तुझी जागा भरली.”

तुळशीची लग्ने लागली की बकुळेचे उरकतील. परळचा बिजवर आहे. मुलगे आयते दोन.

काल विसर्जन. अक्काने तुझा बाहुला मागितला. मला वाटले, घरी ठेवणार. धापा टाकत चौपाटीपर्यंत चालली, पण बाहुला कुणाच्या हाती देईना. गुडघाभर पाण्यात शिरून तिने तो सोडला. भोवती सारे ओरडत होते, पुढच्या वर्षी लवकर या. ती ओरडली नाही.

गोऱ्या बाईला कोंडीरामच्या पोरी खेळायला घेऊन गेल्या. पोरगा मात्र अक्काने देवाशेजारी ठेवलाय. आज सकाळी मला त्याचे नाव विचारत होती. मला ठाऊक नाही. तेवढे कळव. बाकी काही लिहू नकोस, आता वाचून घेणारे कुणी राहिले नाही.

तुझा होतो तो,
मामा