चोविसाव्या भागाबद्दल

उमरगा,
१९ ऑगस्ट

प्रिय झरीन,

फोन सोडून पत्र कशाला, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणशील. फोनवर मी तुला बोलू देत नाही आणि तू गप्प झालीस की माझा आवाज चढतो, हे तूच मला कितीदा ऐकवलंयस. कागदावर ओरडता येत नाही. खोडलेलं तेवढं दिसेल, ते चालवून घे.

परवा तुझा कलीम दुकानात आला. आधार कार्डाच्या झेरॉक्स हव्या होत्या, पण चेहऱ्यावरूनच कळलं की गडी काहीतरी सांगायला आलाय. आपा आ रई समदभाई, नौकरी छोड के, पक्का, असं म्हणाला आणि माझ्याकडं बघून गालात हसला. तुझ्या या भावाला सगळं कळतं, फक्त अम्मीसमोर कळत नाही. एकतीस तारखेला ऑफिसातला तुझा शेवटचा दिवस आणि एक तारखेला तू मुरूमला. झरीन, खरं सांगतो, मी कोपऱ्यावरून अर्धा किलो पेढे आणले. बंडप्पा मालक गल्ल्यावरून म्हणाले, समद्या, पास झालास म्हणावं तर कॉलेज सोडून दोन वर्षं झाली तुला, मग पेढे कशाचे रे? मी म्हटलं, मालक, खावा की गप. तू पुण्याला गेलीस तेव्हापासून सोलापूरकडं जाणाऱ्या एकेका एसटीला मी शिव्या घातल्यात. ही एकच बातमी मला हवी होती. आणि आज मी हे पत्र तू अशी येऊ नयेस म्हणून लिहितोय. माझा मलाच राग येतोय, पण लिहितोय.

कारण पेढा तोंडात असतानाच मी कलीमला विचारलं की असं अचानक का. तो म्हणाला, ऑफिसात कुणाचं तरी पत्र आलं होतं म्हणं, त्या शेळीच्या पुस्तकाबद्दल. चार महिने झाले. तुमच्या साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून आपाचं जेवणावर लक्ष नाही, मुझे नहीं आता, मुझे नहीं आता, एवढंच म्हणते. त्या पत्रातलं एक वाक्य कलीमला पाठ झालं होतं. पूर्वी ही शेळी फायली खायची, आता पुस्तकं लिहायला लागलेली दिसते. सांगताना त्याला हसू आवरेना. मी हसलो नाही. मला एवढंच कळेना, की पुस्तक दुसऱ्या कुणाचं असताना, त्यातल्या वेलांट्या तपासणाऱ्या पोरीनं ते पत्र अंगाला का लावून घ्यावं?

तुला आठवतं, मुरूमच्या वाचनालयात ‘चिंचेखालची कचेरी’चा पहिला भाग आपण एकाच दिवशी मागितला होता. तिसरीत होतो. बाईंनी रजिस्टरात तुझं नाव आधी लिहिलं म्हणून मी दारातच भोकाड पसरलं. मग तू पायरीवर बसून मला वाचून दाखवलंस. कलेक्टर मुक्ता, वय वर्षं अकरा, तिचा शिपाई धोंडू, आणि कचेरीतले कागद खाऊन टाकणारी शेळी, तिचं नावच फाईल. दर बैठक संपली की मुक्ता विटेवर दगड आपटायची आणि म्हणायची, बैठक तहकूब! तहकूब म्हणजे पुढं ढकलली, हे आपल्याला कोण सांगणार? घरी आपण दखनी बोलणारी माणसं. तू ते बहोत खूबच्या चालीवर तहखूब वाचलंस. म्हणजे बैठक लई भारी झाली, चला आता घरी. मग काय, आंबा तहखूब, तुझ्या अम्मीची खिचडी तहखूब, माझी नवी चप्पलसुद्धा तहखूब. सातवीत सरांनी खरा अर्थ सांगितला तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, जसा काही तो अर्थ मीच बदलून ठेवला होता. त्यानंतर तो शब्द तुझ्या तोंडून परत कधी ऐकला नाही.

ती पुस्तकं चांगली का होती, यावर मी लई विचार केलाय. कॉलेजात कुठल्या विषयावर एवढा केला असता तर आज पदवी असती. झाकण प्रकरण घे. शाळेच्या माठाचं झाकण गेलंय. एवढीच गोष्ट. तीन दिवस चौकशी चालते, मुक्ता दोनदा भलत्याच पोरावर आळ घेते, आणि शेवटी कळतं की झाकण धोंडूनंच नेलंय, कारण त्याच्या घरी दूध झाकायला काही नाही. मुक्ता कागदावर लिहिते, झाकण सापडले, कुठे सापडले ते विचारू नये. आणि तो कागद शेळीपुढं धरते. झरीन, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि मला कुणीही न समजावता समजलं होतं.

मग सतरावा भाग आला आणि शेळी बोलायला लागली. एकोणिसाव्यात हेलिकॉप्टर आलं. एकविसाव्यात सोन्याचे तस्कर. शेवटच्या पानावर चौकट आली, आपण काय शिकलो? सगळे म्हणतात सतराव्यापासून बिघडलं. मी म्हणतो, सोळाव्यातच बघ, मुक्ता एकदाही चुकलेली नाही. तिथंच सगळं सुटलं. जी पोरगी चुकत नाही तिच्या मागं मागं कोण जाईल? आणि यात आपलाही गुन्हा आहे. सोळा भाग ओळीनं मांडलेत म्हणून आपण सतरावा घेतला. सतरावा घेतला म्हणून अठरावा. वाईट आहे हे कळत होतं, पण अकरा वर्षांच्या मुक्ताला एकटी कशी सोडायची, असं वाटायचं.

तू त्या पुस्तकांच्या प्रकाशनात नोकरीला लागलीस तेव्हा तूच सांगितलंस की लेखिका उमाबाईंना आता काही आठवत नाही, स्वतःची पुस्तकंसुद्धा दुसऱ्याची समजून वाचतात. सोळाव्यानंतरचं ऑफिसातलंच कुणीतरी लिहितं, कव्हरवर नाव त्यांचंच. मी विचारलं, कोण लिहितं? तू म्हणालीस, असतं कुणीतरी. मी तेव्हा त्या कुणीतरीला दोन शिव्या हासडल्या. तू हसली नाहीस. मला वाटलं, रेंज गेली.

काल दुकानात विकायला पंचविसाव्या भागाचा गठ्ठा आला. गिऱ्हाईक नव्हतं. नावं ठेवायलाच एक प्रत उघडली. पहिली तीस पानं नेहमीचीच. हेलिकॉप्टर, बोलकी शेळी, चोर. एकतिसाव्या पानावर नूरी नावाची नवी पोरगी कचेरीत येते. मुक्ता सगळ्यांना आळीपाळीनं कागद वाचायला लावते. नूरीची पाळी आली की ती म्हणते, माझा घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसा बसलाय. धोंडू हसतो, हिला वाचता येत नाही, असं म्हणणार तेवढ्यात मुक्ताच्या लक्षात येतं, की काल आपणच तिला सर्वांसमोर ढ म्हटलं होतं. आपण चुकलो. ती नेहमीसारखं खेकसत नाही. आज माझाही घसा बसलाय, म्हणते, धोंडूचाही बसलाय, बैठक तहकूब! आणि नूरी, सुटले एकदाची म्हणून, आनंदानं ओरडते, तहखूब!

मी उभा होतो तो खाली बसलो. मालक म्हणाले, काय रे, चक्कर आली काय की. या जगात तो शब्द दोनच माणसांना ठाऊक आहे आणि त्यातला एक मी.

मग मागचा चोविसावा काढून नीट वाचला. त्यातही तू होतीस. धोंडूची आई भाकरी थापताना गप्प बसते ती दोन ओळींची जागा तुझी. शेळी आरशात बघून दचकते, तेही तुझंच. आधी कसं दिसलं नाही? कारण पुस्तक वाईट होतं, आणि वाईट आहे म्हणजे तू नसणार, असं मी धरूनच चाललो होतो. चोविसावा भाग वाईट आहे, हे मी आजही म्हणतो. तुला गोड लागावं म्हणून बदलणार नाही. पण का वाईट आहे ते आता कळतंय. जिथं तू साहेबांच्या सांगण्यावरून उमाबाई व्हायला गेलीस तिथं ना त्या राहिल्या ना तू. पंचविसाव्यातली ती सहा पानं मात्र झाकण प्रकरणाच्या तोडीची आहेत. मी चारदा वाचली. पाचव्यांदा मालकांना वाचून दाखवली. ते चष्मा पुसत बसले आणि नंतर म्हणाले, मलाबी दुसरीपर्यंत घसा बसायचा बघ.

म्हणून म्हणतो, नोकरी सोडायची तर खुशाल सोड. साहेबांना हेलिकॉप्टरच हवं असेल तर त्यांना ते लखलाभ. पण मला येत नाही, असं म्हणून सोडू नकोस. मी तसंच निघून आलो होतो. कॉलेजात सरांनी वर्गात माझं उत्तर वाचून हसं केलं, मी त्यांच्यासमोर पेपर फाडला, माफी माग म्हणाले, मागितली नाही. लोकांना सांगत फिरलो की कॉलेजच भंकस आहे. खरं तर त्यांचं हसणं मी खरं धरलं होतं. दोन वर्षं झेरॉक्स काढतोय आणि अजून ते हसणं कानातून गेलेलं नाही. तू तसं काही घेऊन मुरूमला आलीस, तर रोज समोर दिसशील आणि मला तुझ्याकडं बघवणार नाही. नूरीची गोष्ट वेगळी लिही. शेळी नको, मुक्ता नको. कव्हरवर झरीन असं मोठ्या अक्षरात असू दे.

आता जे लिहायला बसलो होतो ते. तीन पानं टाळलं. ईदला तू येणार होतीस. चाँदरातीला तुझा मेसेज आला की चोविसावा भाग छपाईला जातोय, सुट्टी मिळत नाही. ईदनंतर दोन आठवड्यांनी त्याच पुस्तकाचा गठ्ठा आमच्या दुकानात येऊन पडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पुस्तकानंच तुला अडवून ठेवलं होतं ना. मी तिथंच दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलो आणि अर्ध्या तासात टाईप केलं. खाली लिहिलं, एक जुना वाचक, जिल्हा धाराशिव. शेळीच्या त्या वाक्यावर मी स्वतःच खूष होतो, चार महिने गिऱ्हाइकांना ऐकवत होतो. झरीन, ते पत्र कुणा जाणकाराचं नाही. ते माझं आहे. ते लिहिताना मी पुस्तकाची वीस पानंसुद्धा वाचली नव्हती. तू आली नाहीस, एवढंच त्यात होतं. बाकी सगळी नुसती चमकदार वाक्यं. हे तुझ्या साहेबांना वाचून दाखव, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. एक तारखेला एसटीतून उतरलीस आणि माझ्याकडं न बघता गेलीस तर मी समजेन. पण त्या पत्राला खरं मानून उतरू नकोस.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
समद