वादळवालीचं शेवटचं पान

काका,

मैत्रिणीकरवी तुमचा निरोप पोचला. "भटकून कुणाचं भलं झालंय? घरी ये, दुकानात बस." नाही बसणार.

इथे मी दुकानांच्या पाट्या रंगवते. शिडी डुगडुगते, मालक तिच्याहून जास्त. ते असो. काल रद्दीवाल्याकडे वादळवालीचं मूळ कॉमिक सापडलं. सुपरहिरोंच्या जुन्या गोष्टी पुन्हा छापणारं मासिक तुम्ही काढलं होतंत ना, पाच अंकांत गाशा गुंडाळलेलं? त्यातलीच ही गोष्ट. तुमच्या अंकात वादळवाली शेवटी छपरावरून झेपावते आणि उडत जाते. लहानपणी मी तेवढंच वाचून वाचून पानं फाडली. मूळ गोष्टीत पुढे आणखी एक पान आहे. त्यात ती घरी परतते, मुखवटा खुंटीला अडकवते आणि म्हणते, "पुरे झालं आता."

ते पान तुम्ही साबणाच्या जाहिरातीपायी उडवलंत, हो ना? झकास केलंत. तुम्ही कापलेल्या गोष्टीवरच मी वाढले. आता ते पान मला चिकटवायला येऊ नका.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. शिक्क्यावरून गाव ओळखाल आणि न्यायला याल.

शिडीवरूनच,
तुमची न ऐकणारी पुतणी