सन्मतीच्या शिक्षकांचं नाव

बेंगळूर, गुरुवार

ती. आप्पांना त्रिशलाचा वाकून जय जिनेंद्र.

मी बरी आहे. दिवस मावळायच्या आत जेवण मिळतं, आईला सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? संकेश्वरच्या डॉक्टरांना दाखवलं का?

विद्यापीठात मुलाखत झाली. वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या अडचणींची मुलं एकाच वर्गात असली तर त्यांना कसं शिकवायचं, त्याचा हा कोर्स. अर्जात एक प्रश्न होता, वर्गात मागं पडलेल्या एका मुलाबद्दल लिहा. मी आपल्या धाकट्या सन्मतीबद्दल लिहिलं.

रागावू नका. "घरात कन्नड, शाळेत मराठी, पोरगं गोंधळलंय, दुसरं काय न्हाय," असं सगळेच म्हणायचे. मीसुद्धा म्हणायची. विचारलं की गप्प राहायचा, म्हणून रोज वर्गाबाहेर उभा असायचा. त्याला ऐकूच येत नव्हतं, हे आपल्याला कळलं ते उसाचा ट्रॅक्टर मागनं हॉर्न देत आला आणि तो बाजूला झाला नाही, त्या दिवशी.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "त्याचे शिक्षक कोण होते?"

मी म्हटलं, "बदली होऊन गेले. नाव आठवत नाही."

त्यांनी अर्जाचं पहिलं पान काढलं. तिथं वडिलांच्या नावापुढं मीच लिहिलं होतं, निवृत्त शिक्षक. खाली सन्मतीच्याच शाळेचं नाव. त्यांनी पाण्याचा ग्लास तेवढा माझ्याकडं सरकवला.

आप्पा, गोळ्या चुकवू नका. आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा हे शिक्षकांचं एवढं सोडून वाचा.

तुमची लेक,
त्रिशला